जयसिंहराव खराड्यांचे पाय

ग्वाल्हेरात गोरखी वाड्यामागच्या गल्लीत शिरून जयसिंहराव खराडे कुठे राहतात असं कुणी विचारलं, तर गल्लीतली पोरं उलट विचारायची, "वो पैदलवाले अंकल?" आणि हात वर करून पहिल्या मजल्यावरची निळी खिडकी दाखवायची.

खराड्यांचे पूर्वज फौजेबरोबर दक्खनेतून ग्वाल्हेरला आले. ते घोड्यावरून आले, असं घरातली मोठी माणसं सांगत. जयसिंहरावांना ते पटत नसे. "घोड्यावर सरदार बसले असतील. आपले खराडे भाला खांद्यावर टाकून पायीच आले, नाहीतर मला ही चालायची खोड कुठून लागली असती?" असं म्हणून ते स्वतःच हसायचे.

ही खोड त्यांना नोकरीत लागली. टेलिफोन खात्यात ते लाइनमन होते. घाटीगाव, मोहना, पार शिवपुरीच्या जंगलापर्यंत कुठे तार तुटली की खांबाखांबाने चालत जाऊन ती शोधायची. बरोबरचे लोक कुरकुर करत. जयसिंहरावांना मात्र त्या कामात सुख वाटे. धावड्याच्या झाडांतून वारा वाहतोय, पुढे कुणी नाही, मागे कुणी नाही, पायाखाली वाळलेला पाला चुरचुरतोय. तार सापडून जोडली गेली की त्यांना उलट थोडं वाईटच वाटायचं, कारण मग परत फिरावं लागे.

पुढे तारा जमिनीखाली गेल्या, खांब लोकांनी गोठ्याला लावले. जयसिंहरावांना खात्याने टेबलापाशी बसवलं. तेव्हापासून ते सुट्टी घेऊन चालू लागले.

त्यांचा जोडीदार होता रमाकांत मुळ्ये. हा लेखा कार्यालयातला बाबू, जाड चष्म्याचा, दरबारी पुरोहितांच्या घरातला. दोघांची ओळख सकाळी किल्ल्यावर चढताना झाली. उरवाईच्या चढावर रोज एकच माणूस आपल्या पुढे असतो हे रमाकांतच्या लक्षात आलं, आणि एके दिवशी धापा टाकत त्याने मागून हाक मारली, "अहो, जरा थांबा की! नाव तरी सांगून पुढे जा!" तिथून पुढची पंचवीसेक वर्षं दोघं बरोबर चालले. पहिली मोठी चाल नरवरची. मग ओरछा. मग पहाडगढच्या खोऱ्यातून चंबळपर्यंत. वर्षाआड हिमालय. हर की दूनच्या वाटेवर रमाकांतला ताप चढला, तेव्हा जयसिंहरावांनी त्याची पिशवी आपल्या पिशवीवर बांधली आणि दिवसभर एक शब्द न बोलता चालले. रमाकांत ते कधी विसरला नाही.

ते दिवस खरंच फार सुखाचे होते. संध्याकाळी एखाद्या गावाबाहेरच्या देवळात पथारी टाकायची. गोवऱ्यांवर बाट्या भाजायच्या, निखाऱ्यात वांगं घालायचं, त्याची काळी साल फुंकर मारत सोलायची. गावातलं कुणीतरी ताक आणून द्यायचं आणि शेजारी उकिडवं बसून विचारायचं, "गाड़ी खराब हो गई का?" पायी निघालोय म्हटलं की त्याचा विश्वास बसायचा नाही. पहाटे धुक्यातून सारसांची जोडी ओरडायची. पाय ठणकत असायचे, पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असायच्या. रमाकांत कण्हत उठायचा आणि जयसिंहराव म्हणायचे, "दोन फर्लांग चाल, मग दुखणं आपोआप मागे राहतं."

विजयाबाई, म्हणजे जयसिंहरावांची बायको, कधी बरोबर गेल्या नाहीत. त्यांना कुणी विचारलंही नाही. त्या गूळ-शेंगदाण्याचे लाडू करून द्यायच्या, मोजे धुऊन ठेवायच्या आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर उभ्या राहून म्हणायच्या, "पोचलात की फोन करा. जिथे फोन असेल तिथून." मुलगी गरिमा लहानाची मोठी झाली, मास्तरीण झाली, लग्न होऊन शहरातच थाटीपूरला गेली. बाबांच्या पाठीवरची खाकी पिशवी मात्र तशीच राहिली.

पन्नाशी उलटल्यावर खात्याच्या तपासणीत शुगर निघाली. जयसिंहरावांनी ती मनावर घेतली नाही. "मी जितका चालतो तितकी शुगरची काय बिशाद?" गोळ्या आणायचे, घ्यायचेही, पण चालायला निघाले की डबी घरी. त्यांचा हिशेब सरळ होता: साखर चालण्यात जळते, मग गोळी कशाला?

निवृत्तीनंतर एकदा ते पाटणकर बाजारातून भाजी घेऊन आले. विजयाबाईंनी दार उघडलं आणि तोंडाला पदर लावून हसू लागल्या. जयसिंहरावांच्या डाव्या पायात चप्पल होती, उजवा अनवाणी. चप्पल बाजारात कुठेतरी निघून पडली होती आणि तसेच ते घरापर्यंत आले होते.

"अहो, कुठे लक्ष होतं? कुणी बघितलं असेल तर काय म्हणाले असतील!"

"अरेच्चा," म्हणत तेही हसले. संध्याकाळी गरिमा आली तेव्हा तिलाही ही गंमत सांगितली. तीही हसली. त्या घरात त्या दिवशी सगळेच हसले.

करोना ओसरल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात दोघं सिंध नदीच्या काठाने निघाले. ही सिंध म्हणजे ती मोठी सिंधू नव्हे, नरवरच्या पायथ्यावरून वाहणारी आपली सिंध. नरवरहून निघायचं आणि नदी सोडायची नाही. थेट पचनद्यापर्यंत जायचं, जिथे यमुना, चंबळ, कुँवारी, पहुज आणि सिंध एकमेकींना मिळतात. हा बेत दोघांच्या डोक्यात कितीतरी वर्षं होता. दोघंही साठीच्या पुढे गेले होते. रमाकांत म्हणाला, "जया, यानंतर मला एवढं जमेल असं वाटत नाही. हीच करू आणि पिशवी खुंटीला टांगू."

धूमेश्वरपाशी नदी खडकांवरून खाली पडते. तिथे त्यांनी पहिला मुक्काम केला. पुढे रेती उपसणारे ट्रॅक्टर लागले, त्यांची धूळ लागली, मग शेतं. मोहरीला नुकतं फूल येत होतं. रमाकांतच्या टाचांना फोड आले, एक फुटला, तो लंगडू लागला. जयसिंहराव मात्र पाखरासारखे चालत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचे पाय दुखत नव्हते. संध्याकाळी बूट काढले तरी ठणका नाही, सकाळी उठल्यावर ताठरपणा नाही. जणू पायाखाली जमीन नाही, रुईच्या गाद्या घातल्यात.

"रमाकांत, काय सांगू तुला," देवळाच्या ओसरीवर पडल्या पडल्या ते म्हणाले. "इतक्या वर्षांत पाय आता कुठे तयार झाले बघ. आता ह्या पायांनी मी पार रामेश्वरला जाईन."

रमाकांत आपल्या फोडाला सुई टोचत होता. तो म्हणाला, "तुझं नशीब, बाबा."

रतनगढ मातेचं जंगल ओलांडून ते बीहडात शिरले. पावसाने मातीत कापलेल्या घळींना इकडे बीहड म्हणतात. तिथे विलायती बाभूळ माजलेली. एकेक काटा बोटाएवढा. त्या दिवशी ते सकाळपासून चालत होते आणि सेवढ्याला पोचले तेव्हा दिवस कलला होता. सनकुआच्या धबधब्याजवळ पायऱ्यांवर बसून जयसिंहरावांनी उजवा बूट काढायला घेतला. तो निघेना. जोर लावून ओढला तेव्हा मोजा बुटातच चिकटलेला होता आणि तळवा लालभडक.

रमाकांतने चष्मा पुसून बघितलं. बाभळीचा काटा बुटाच्या तळातून आत घुसून अंगठ्याखालच्या मांसात मोडला होता. भोवतीचं रक्त वाळून काळं पडलं होतं, त्यावर पुन्हा ताजं आलं होतं.

"हा सकाळचा आहे," रमाकांत म्हणाला. "सकाळपासून तू यावर चालतोयस? तुला कळलं नाही?"

जयसिंहरावांनी दोन बोटांनी काटा उपटला. बराच लांब होता. त्यांनी तो उजेडात धरून बघितला आणि हसले. "काही नाही झालं. मुंगी चावावी तेवढंसुद्धा नाही."

"जया, इथून डबऱ्याची बस मिळते. आपण घरी जाऊ."

"वेडा आहेस का? पचनदा एवढ्यावर आलाय."

"माझंही ऐक कधीतरी."

"तुझे फोड दुखतायत म्हणून माझा काटा पुढे करतोस होय रे, भटा?"

रमाकांतचे फोड खरंच दुखत होते, आणि आपल्या मनात तेच तर नाही ना, असं त्यालाही क्षणभर वाटलं. गावातल्या औषधाच्या दुकानातून पट्टी आणली, मलम आणलं. दुसऱ्या दिवशी धुकं निवळायच्या आत जयसिंहराव पुढे निघालेसुद्धा होते.

ते पचनद्याला पोचले. दोन रंगांची पाणी शेजारी शेजारी वाहत होती. मग त्यांच्यातली सीमा दिसेनाशी झाली. पलीकडे वाळूत मगरी पडल्या होत्या. जयसिंहराव गुडघाभर पाण्यात जाऊन उभे राहिले, पट्टीसकट. पाणी बर्फासारखं आहे असं रमाकांत ओरडून सांगत होता. जयसिंहरावांना ते गुडघ्यापाशी लागलं, खाली नाही. तेव्हाही त्यांच्या मनात काही आलं नाही. त्या क्षणाइतका आनंद त्यांना आधी कधी झाला नव्हता, पुढे तर कधीच होणार नव्हता.

घरी आल्यावर त्यांना थंडी वाजून ताप भरला. विजयाबाईंनी पाय धुवायला पाणी आणलं, पट्टी सोडवली आणि त्या वासाने मागे सरल्या. अंगठा जांभळा झाला होता. त्यांनी गरिमाला फोन लावला.

कंपू भागातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी जखम बघितली, मग टेबलावरून नायलॉनचा एक बारीक धागा घेतला. "अंकल, आँखें बंद कीजिए. जहाँ मैं छूऊँ, वहाँ हाँ बोलिए."

जयसिंहराव डोळे मिटून थांबले. पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी आपला नंबर आला का म्हणून विचारत होतं. बराच वेळ गेला. "शुरू कीजिए ना," ते म्हणाले.

त्यांनी डोळे उघडले. गरिमा भिंतीकडे तोंड करून उभी होती. डॉक्टरीणबाई धागा डबीत ठेवत होत्या.

"हो गया, अंकल. दोनों पैर."

त्यांनी मग समजावून सांगितलं. नसा मेल्यात. आज नाही, काही वर्षांपासून मरत आल्यात. चप्पल पायातून निघून कळलं नाही असं कधी झालं का? विजयाबाईंनी मान खाली घातली. "दुखणं बंद झालं तेव्हाच यायला हवं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेही रागाने नाही.

आधी अंगठा काढला. मग विष वर चढलं म्हणून अर्धं पाऊल. होळीच्या सुमारास गुडघ्याखाली पाय कापला. जयसिंहरावांनी प्रत्येक कागदावर सही केली. शेवटच्या वेळी मात्र त्यांनी सर्जनला विचारलं, "आणि मी तेव्हाच, सेवढ्याहून परत आलो असतो तर?"

सर्जन भला माणूस होता. तो म्हणाला, "कह नहीं सकते." पण तो हे बोलायच्या आधी क्षणभर थांबला होता.

रमाकांत रोज दवाखान्यात यायचा. फळं आणायचा, स्टुलावर बसायचा, पेपर वाचून दाखवायचा. जयसिंहराव घरी आल्यावरही यायचा. एके दुपारी तो पाणी प्यायला उठला तेव्हा जयसिंहराव छताकडे बघत म्हणाले, "मला ओढत न्यायचं होतंस बसमध्ये."

"काय?"

"तुझे पाय दुखत होते, तुला कळत होतं. मला कळत नव्हतं. ज्याला कळत होतं त्याने ओढायचं होतं."

हातातला पेला रमाकांतने जपून खाली ठेवला. "बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला. विजयाबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. "अहो, काय बोललात हे? तो माणूस सहा महिने इथे रतीब घातल्यासारखा येतोय!" जयसिंहरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. बोललो ते चूक होतं हे त्यांना तोंडातून शब्द निघतानाच कळलं होतं, पण त्यांनी त्याला मागे बोलावलं नाही. रमाकांत त्यानंतर आला नाही. पावसाळ्यात तो मुलाकडे, अभिरामकडे, नागपूरला राहायला गेला. जाताना त्याने फोन केला. दोघं उकाड्याबद्दल बोलले.

गोरखीचा जिना आता कामाचा नव्हता. गरिमाने कंपूकडे तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून दिल्या. सामान हलवताना खाकी पिशवी निघाली. विजयाबाईंनी विचारलं, "हिचं काय करू?" जयसिंहराव म्हणाले, "कुणाला तरी दे." त्यांनी ती झाडूवालीला दिली.

आणि मग दुखायला लागलं. जो पाय उरलाच नव्हता, तो दुखायला लागला. दुपारचं जेवण झालं, गल्ली सामसूम झाली की उजव्या अंगठ्यात कळ यायची. अंगठ्याखाली काहीतरी रुतल्यासारखं. जयसिंहराव चादरीवर हात फिरवून बघत. तिथे सपाट गादी. ते दात आवळून पडून राहत. एकदा असह्य होऊन ओरडलेच, "अगं, पाय दाब माझा!" विजयाबाई धावत आल्या आणि कुठे हात लावावा ते न कळून पलंगाजवळ उभ्या राहिल्या.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं की असं होतं, काही लोकांना वर्षानुवर्षं होतं. मन दुसरीकडे गुंतवायला हवं. मन गुंतवायला जयसिंहरावांजवळ एकच गोष्ट होती. विजयाबाई मटार सोलायला घेऊन पलंगाजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "सांगा."

"काय सांगू?"

"तुम्ही जायचात तिकडचं. मला कधी नीट सांगितलंत? आलात की झोपायचात."

तेव्हापासून दुपारी कळ आली की ते सांगू लागले. पहाडगढची वाट, खडकावरची ती तांबडी जुनी चित्रं, चंबळच्या वाळूत उमटलेले कासवांचे माग. ओरछाला जाताना एका म्हातारीने दिलेली बोरं. विजयाबाई ऐकायच्या, मधेच विचारायच्या, "म्हणजे झोपायचात कुठे? आणि साप?" जयसिंहरावांचा आवाज सांगता सांगता मोकळा व्हायचा. एके दिवशी ते नरवरच्या पहिल्या चालीचं सांगत होते, रात्री किल्ल्याच्या तटावरून तारे कसे दिसले ते. विजयाबाई मटार सोलत म्हणाल्या, "तेव्हा गरिमाला गोवर निघाला होता."

"हो?"

"हो. लष्कर भागातून कुणी रिक्षावाला यायला तयार नव्हता. मी तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेलं."

जयसिंहराव थांबले. मग पुढचं सांगू लागले. पण ती एक वाट उघडली ती उघडलीच. हर की दून म्हटलं की विजयाबाई शांतपणे म्हणायच्या, "तेव्हा माझी आई गेली. तुम्हाला कळलं तोवर तेरावं होऊन गेलं होतं." ओरछा म्हटलं की, "त्या वेळी पाणी भरून आणताना जिन्यात घसरले नव्हते का मी, पाय मुरगळला तो?" त्यात राग नव्हता. राग असता तर जयसिंहरावांना उत्तर देता आलं असतं. एखादी बाई आपल्या ट्रंकेतले कपडे काढून घडी घालून ठेवते तसं त्या एकेक सांगायच्या.

"मला माहीत होतं हे सगळं," एकदा जयसिंहराव म्हणाले.

"माहीत होतं. पण तुम्ही तिकडचं सांगता तेव्हा ते त्यात येत नाही."

विजयाबाईंनी सोललेले दाणे ताटलीत ओतले.

"मग आता सांगू की नको?"

"सांगा की. मी कुठे नको म्हटलं? त्या म्हातारीने बोरं दिली, मग?"

पण त्यांना आता पहिल्यासारखं सांगता येईना. नदी, तारे, धुकं जिथल्या तिथे होतं, पण प्रत्येक ठिकाणी कुठेतरी एक जिना दिसायचा आणि वरच्या पायरीवर कुणीतरी उभं असायचं. हळूहळू त्यांनी सांगणं बंद केलं. कळ आली की ते उशी दातांत धरत.

डावा पाय त्यांनी जिवापाड जपला. रोज सकाळी आरसा खाली धरून तळवा बघायचा, बोटांच्या बेचक्या बघायच्या. कुबड्यांवर चालताना सगळा भार त्याच पायावर यायचा. पुढच्या उन्हाळ्यात टाचेवर हरभऱ्याएवढा काळा डाग दिसला. जयसिंहरावांनी आरसा पुसला, पुन्हा बघितलं. मग आरसा उलटा ठेवला. विजयाबाईंना त्यांनी दुपारी सांगितलं.

"बाबा, इस बार जल्दी आए हैं, बचा लेंगे," गरिमा दवाखान्यात जाताना सारखी म्हणत होती. "आपण वेळेवर आलोय ना या वेळी. सब ठीक होगा."

डॉक्टरांनी प्रयत्न केले, मनापासून केले. पायातलं रक्त पुढे जातच नव्हतं. पावसाळा सुरू व्हायच्या आत दुसरा पायही गेला. या वेळी जयसिंहरावांनी काही विचारलं नाही.

दसऱ्यानंतरच्या रविवारी गरिमा नवऱ्यासह गाडी घेऊन आली. "चला, तिघरा बघून येऊ. धरण पूर्ण भरलंय. आई, तू भी चल." जयसिंहराव नको म्हणाले. गरिमा ऐकेना. जावयाने त्यांना उचलून पुढच्या सीटवर बसवलं, चाकांची खुर्ची घडी करून मागे टाकली.

तिघऱ्याला माणसांची गर्दी होती. पाणी दूरवर चमकत होतं, पलीकडे टेकड्या हिरव्या होत्या. धरणाच्या बांधावरून कॉलेजची पोरं पिशव्या पाठीवर टाकून रांगेत चालली होती, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. गरिमाने खुर्ची काढून उघडली. जयसिंहराव म्हणाले, "नको. मी इथेच बरा आहे."

"बाबा, इतना दूर आए हैं."

"म्हटलं ना, नको."

गरिमाचे डोळे भरले. विजयाबाई मागच्या सीटवरून उतरल्या, त्यांनी पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी जरा जाऊन येते." त्या बांधावरून चालू लागल्या. जयसिंहराव काचेतून बघत होते. त्या पोरांच्या मागून गेल्या, मग पोरं थांबली आणि त्या पुढे गेल्या. त्यांची निळी साडी लहान लहान होत गेली आणि वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

अर्धा तास गेला. गरिमा इकडेतिकडे बघू लागली. "कहाँ चली गई आई? फोन भी नहीं ले गई." जयसिंहरावांचा हात दाराच्या मुठीवर होता.

विजयाबाई परत आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. चेहरा लाल झाला होता, चपला धुळीने माखलेल्या. आत बसून त्यांनी बाटलीतलं सगळं पाणी पिऊन टाकलं.

"कुठवर गेली होतीस?" जयसिंहरावांनी विचारलं.

"पलीकडे एक देऊळ दिसलं. तिथवर गेले. मग त्याच्या पुढे वाट दिसली म्हणून आणखी जरा." त्या पोटऱ्या चोळत होत्या. "कसे चालायचात हो तुम्ही एवढं?"

जयसिंहरावांनी उत्तर शोधलं. पुष्कळ उत्तरं होती, ती सगळी त्यांनी मित्रांना, गावकऱ्यांना, खात्यातल्या साहेबांना कितीदा ऐकवली होती.

"सवय," ते म्हणाले.

परत येताना गुप्तेश्वरच्या वळणाला गाड्या अडकल्या. घरी जावयाने त्यांना पलंगावर ठेवलं, गरिमाने ड्रेसिंगचं सामान काढून दिलं आणि मुलांच्या शाळेची तयारी करायची म्हणून ते दोघं निघून गेले. विजयाबाई पाणी उकळायला आत गेल्या. जयसिंहराव उताणे पडून होते. स्वयंपाकघरातून विजयाबाईंच्या दुखऱ्या पावलांचा आवाज येत होता, एक जड, एक हलका, मध्ये थांबून पुन्हा. ते तो ऐकत राहिले.